ओल्या लाकडाचं म्हातारपण

आपल्याकडच्या स्कँडिनेव्हिया टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत स्टॉकहोमच्या दिवशी एक ओळ हमखास असते: 'वासा संग्रहालयाला भेट'. त्यासाठी वेळ मिळतो तासभर, फार तर सव्वा तास. तेवढ्यात जहाजासमोर ग्रुप फोटो होतो, दुकानातून फ्रिजवर चिकटवायचं चुंबक घेतलं जातं आणि गाइड तीन वाक्यांत गोष्ट उरकतो. १६२८ साली वासा नावाचं हे स्वीडिश युद्धजहाज पहिल्याच सफरीत बुडालं. १९६१ साली ते वर काढलं. राजाच्या हट्टापायी तोफा जास्त चढवल्या म्हणून बुडालं. पहिली दोन वाक्यं खरी आहेत, तिसरं अर्धवट आहे. आणि १९६१ नंतरच्या भागाला तर वेळच उरत नाही. खरं म्हणजे आज समोर जे उभं आहे ते समजायला तोच भाग लागतो.

वासा बुडाल्यापासून वर येईपर्यंत ३३३ वर्षं गेली. त्या काळात जहाजाचं जितकं नुकसान झालं, त्याहून वेगळ्या आणि काही बाबतींत अधिक चिवट नुकसानाशी गेली साठेक वर्षं झगडा चालू आहे. संग्रहालयात वस्तू आली म्हणजे ती सुटली, हा आपला समज इथे साफ खोटा ठरतो.

आधी बुडण्याचं पाहू. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ पोलंडशी लढत होता आणि त्याला बाल्टिक समुद्रावर वचक हवा होता. जहाजं बांधण्याचा करार १६२५च्या जानेवारीत झाला. मुख्य कारागीर हेन्रिक हिबर्टसन हा हॉलंडचा. तो १६२७ साली काम अर्धवट असतानाच वारला आणि काम त्याचा सहकारी हाइन याकोबसन याच्याकडे आलं. त्या काळात जहाजाचा आराखडा कागदावर नसायचा. प्रमाणं डोक्यात आणि हातात असायची. वासासाठी सुमारे हजार ओक तोडले गेले. पुढच्या आडव्या डोलकाठीसकट लांबी ६९ मीटर, तोफांचे दोन मजले, ६४ तोफा.

निघण्याआधी स्थैर्याची चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदम पळायला लावलं. तिसऱ्या खेपेला जहाज इतकं डोललं की व्हाइस ॲडमिरल क्लास फ्लेमिंगने चाचणी थांबवली. हुकूम मात्र बदलला नाही. राजा तेव्हा प्रशियात होता आणि जहाज लवकर पाठवा म्हणून त्याची पत्रांवर पत्रं येत होती.

१० ऑगस्ट १६२८, रविवार. वारा मंद, काठावर बघ्यांची गर्दी. सलामीसाठी तोफांच्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. दहापैकी चार शिडं उभारली. पहिल्या झुळकीने जहाज डावीकडे कलंडलं आणि सावरलं. दुसऱ्या झोताला इतकं झुकलं की खालच्या मजल्यावरच्या खिडक्यांमधून पाणी आत शिरलं. जेमतेम १३०० मीटरचा प्रवास करून ते ३२ मीटर खोल पाण्यात तळाला गेलं. जहाजावर दीडशेच्या आसपास माणसं होती, त्यांतली तीसेक दगावली. तीनशे सैनिक पुढच्या थांब्यावर चढायचे होते, ते वाचले.

आता तोफांबद्दल. सगळ्या तोफांचं वजन साठ-पासष्ट टनांच्या घरात होतं, आणि भरलेल्या जहाजाचं वजन होतं साधारण १२०० टन. म्हणजे तोफा जेमतेम पाच टक्के. दोष जहाजाच्या अंगातच होता. पाण्याच्या पातळीवरचा भाग फार जड होता. तळात नीरम म्हणून, म्हणजे तोल राखणारं वजन म्हणून, सुमारे १२० टन दगडगोटे भरले होते, पण ते वाढवण्याचीही सोय नव्हती. वजन वाढवलं असतं तर जहाज आणखी खाली बसलं असतं आणि तोफांच्या खिडक्या पाण्याच्या अजून जवळ आल्या असत्या. भरीला मापांचा घोळ. जहाजात सुतारांच्या चार मापपट्ट्या सापडल्या. त्यांतल्या दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंची. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. जहाजाची डावी बाजू उजवीपेक्षा जड भरते, आणि दोन वेगळ्या मापांनी काम करणाऱ्या दोन टोळ्या हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं. चौकशी झाली, कप्तानाला अटक झाली, कारागिरांना प्रश्न विचारले गेले. शिक्षा कोणालाच झाली नाही. मूळ प्रमाणं राजाने मंजूर केलेली आणि मूळ कारागीर मेलेला. अशा चौकशा कुठे जातात हे वेगळं सांगायला नको.

तोफा मात्र कोणी सोडून देत नसतं. त्या काशाच्या होत्या, महाग होत्या. १६६० च्या दशकात आल्ब्रेख्ट फॉन ट्राइलेबेन आणि त्याच्या माणसांनी पाणघंटेच्या साह्याने पन्नासहून अधिक तोफा वर काढल्या. पाणघंटा म्हणजे उपडी सोडलेली जड घंटा. तिच्यात हवा अडकते आणि खाली टांगलेल्या फळीवर पाणबुड्या छातीएवढ्या पाण्यात उभा राहतो. पाणी बर्फासारखं, उजेड शून्य, हातात आकडा लावलेली काठी. अशा अवस्थेत एक टनाहून जड तोफ गाड्यावरून सोडवायची आणि खिडकीतून बाहेर ओढायची. संग्रहालयात या घंटेची प्रतिकृती आहे. तिच्यासमोर पाच मिनिटं थांबावं. मला विचाराल तर सगळ्या कहाणीत थक्क करणारं तंत्र १९६१ चं नाही, हे आहे.

जहाज टिकलं कसं? समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या कुळातला. खाऱ्या पाण्यात पडलेलं लाकूड तो काही दशकांत चाळण करून टाकतो. बाल्टिकचं पाणी त्याला पुरेसं खारट नाही, म्हणून तिथे तो जगत नाही. हा फरक पाहायचा असेल तर इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला जावं. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' १५४५ साली तिथे बुडालं आणि १९८२ साली वर आलं, पण अर्धंच. जी उजवी बाजू गाळात गाडली गेली ती राहिली. उघडी पडलेली बाजू प्राण्यांनी आणि प्रवाहांनी संपवली. वासाचं मात्र ९८ टक्के लाकूड मूळचं आहे.

याच किड्यापायी आपल्याकडचा एक धागा युरोपच्या किनाऱ्यावर गेला आहे. सागवानात तेल असतं आणि ते ओकपेक्षा किड्याला नि कुजण्याला कमी बळी पडतं. म्हणून ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याकडून मलबारी सागाच्या युद्धनौका बांधून घेतल्या. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' आज ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे उभी आहे, तीही तरंगत. ब्रिटनमध्ये तरंगणारी सगळ्यात जुनी युद्धनौका ती हीच. इंग्लंडला जाणाऱ्या मराठी माणसाने लंडनचा एक दिवस कमी करून तिथे जावं असं मला वाटतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

परत स्टॉकहोमला. किडा नाही ही गोष्ट बाल्टिकच्या काठावर वाढलेल्या आंद्रेश फ्रान्सेन या माणसाच्या डोक्यात पक्की बसली. जुनी पत्रं आणि नकाशे चाळून त्याने बंदर पिंजून काढलं. हत्यार अगदी साधं: दोरीला बांधलेलं वजनदार पोकळ टोक. ते तळावर आपटायचं, वर ओढायचं आणि टोकात काय अडकलं ते पाहायचं. १९५६च्या ऑगस्टमध्ये त्यात काळ्या ओकचा तुकडा आला. ओक काळा पडायला पाण्यात फार काळ जावा लागतो. मग पेर एडविन फेल्टिंग हा पाणबुड्या खाली उतरला आणि त्याच्या हाताला तोफांच्या खिडक्या लागल्या, एकावर एक दोन रांगांनी.

आरमाराच्या पाणबुड्यांनी जहाजाच्या पोटाखालून सहा बोगदे खणले. पाण्याचा जोरदार फवारा मारून चिखल सैल करायचा आणि तो वर शोषून घ्यायचा. डोक्यावर सतराव्या शतकातलं दगडांनी भरलेलं जहाज, ते किती टिकेल याचा भरवसा नाही. बोगद्यांतून पोलादी दोर ओवले, वर पाण्याने भरलेले तराफे बांधले, त्यांतलं पाणी उपसलं, तराफे वर आले, त्यांच्याबरोबर जहाज चिखलातून सुटलं. १९५९ साली अठरा टप्प्यांत ते ३२ मीटरवरून १६ मीटरवर आणलं. पुढची दीड वर्षं पाणबुड्यांनी गंजून गेलेल्या लोखंडी बोल्टांची हजारो भोकं एकेक करून बुजवली, कारण शेवटच्या टप्प्यात जहाजाला स्वतःच्या अंगावर तरंगायचं होतं. २४ एप्रिल १९६१ ला ते पाण्याबाहेर आलं. दोन आठवड्यांत ते स्वतः तरंगत गोदीत शिरलं.

इथे गाइडची गोष्ट संपते आणि रसायनशास्त्रज्ञाची सुरू होते.

शतकानुशतकं पाण्यात राहिलेल्या लाकडाचा आकार पाण्यानेच धरून ठेवलेला असतो. पेशींच्या भिंती झिजलेल्या असतात. आतलं पाणी उडून गेलं की त्या आत कोसळतात, लाकूड आक्रसतं, पीळ पडतो, भेगा जातात, आणि हे नुकसान परत भरून येत नाही. म्हणजे जहाज वर काढल्याच्या क्षणापासून त्याला सुकू न देणं हे पहिलं काम. पाण्याच्या जागी दुसरं काहीतरी भरायचं आणि मगच सुकवायचं. ते दुसरं काहीतरी म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, मेणासारखा, पाण्यात विरघळणारा पदार्थ. मलमांत आणि प्रसाधनांत तो आजही असतो.

एवढं मोठं जहाज कुठल्या हौदात बुडवणार? म्हणून फवारे. १९६२ ते १९७९, सतरा वर्षं. द्रावण सुरुवातीला पातळ, मग हळूहळू दाट. एकदम दाट द्रावण मारलं तर ते आत जाण्याआधीच लाकडातलं पाणी बाहेर खेचून घेतं आणि टाळायचं तेच होतं. बुरशी लागू नये म्हणून त्यात बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स मिसळलं जाई. सुकायला आणखी नऊ वर्षं गेली. १९८८च्या डिसेंबरमध्ये जहाज आजच्या इमारतीत नेलं, इमारत तेव्हा पुरी झालीही नव्हती. ती आरमाराच्या एका जुन्या सुक्या गोदीवर बांधली आहे: गोदीत पाणी सोडलं, जहाज आत घेतलं, पाणी काढलं, भिंत बंद केली. १९९० साली संग्रहालय खुलं झालं.

आणि २०००चा उन्हाळा पावसाळी निघाला. भिजलेले लोक हजारोंनी आत येत होते, हवेतली ओल वाढली, आणि जहाजाच्या लाकडावर पांढरे-पिवळसर डाग दिसू लागले. तपासलं तर ते कमालीचे आम्लधर्मी.

कारण बंदराच्या जुन्या घाणीत होतं. शतकानुशतकं स्टॉकहोमचं सांडपाणी बंदरात जात होतं. त्यामुळे तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि जिवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन सल्फाइड भरपूर. लाकूड कुजवणारे इतर सूक्ष्मजीव तिथे जगू शकले नाहीत, म्हणजे जहाज वाचायला घाणीची मदतच झाली. पण त्यातलं गंधक लाकडात मुरलं, आणि गंजलेल्या बोल्टांचं लोखंडही मुरलं. हवेत आल्यावर गंधकाला प्राणवायू मिळाला, लोखंडाने त्या क्रियेला वेग दिला, ओलाव्याने ती पुढे नेली, आणि तयार झालं सल्फ्युरिक ॲसिड. जहाजात असलेल्या सगळ्या ॲसिडचा अंदाज दोन टनांच्या घरात गेला. आधी सोड्याच्या द्रावणात भिजवलेले लगदे डागांवर लावून पाहिले. ते वरवरचं औषध. खरा उपाय म्हणजे हवा स्थिर ठेवणं. २००४ साली नवी वातानुकूलन यंत्रणा बसवली. तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास आणि सापेक्ष आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या मधे, दिवसरात्र, बाहेर बर्फ असो की ऊन.

असं फक्त वासाचंच झालं असं नाही. ऑस्लोला ओसेबर्ग जहाजाबरोबर १९०४-०५ मध्ये थडग्यातून निघालेल्या लाकडी गाड्या आणि कोरीव वस्तू त्या वेळच्या उत्तम समजुतीप्रमाणे तुरटीच्या गरम द्रावणात मुरवल्या होत्या. वस्तूंचा आकार टिकला. पण तापवलेल्या तुरटीतून आम्ल तयार होतं हे तेव्हा लक्षात आलं नाही, आणि आज त्यांतल्या काही वस्तू आतून इतक्या पोकळ झाल्या आहेत की वरचं वॉर्निश आणि पूर्वीची डागडुजी यांवरच उभ्या आहेत. ज्यांनी हे केलं ते अडाणी नव्हते. त्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता, आणि काहीच केलं नसतं तर आज दुरुस्त करायलाही काही उरलं नसतं.

वासावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचेही परिणाम आहेत. ओकच्या गाभ्यात ते फारसं आत गेलं नाही, वरच्या थरात साचलं. त्याने लाकूड जड आणि थोडं मऊ केलं. आतल्या लाकडाची मूळची ताकद आता पुष्कळ घटली आहे. दर वर्षी जहाजाच्या अंगावरच्या शेकडो खुणा मोजल्या जातात आणि जहाज किती सरकलं ते पाहिलं जातं. आकडा मिलिमीटरच्या आसपास असतो, पण दिशा ठरलेली: खाली, आणि बुडताना कललं होतं त्याच डाव्या अंगाला. १९६० च्या दशकात बसवलेले लोखंडी बोल्टही गंजू लागले होते. २०१० च्या दशकात असे पाच हजारांहून जास्त बोल्ट उपसून त्या जागी उच्च प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बसवले. तेवढ्यानेच जहाजाचं वजन आठेक टनांनी उतरलं. आता खालचे जुने टेकू बदलून जहाजाला नवा पोलादी पाळणा देण्याचं काम हाती घेतलं आहे.

हे सगळं ठाऊक असेल तर पाहण्याचा क्रम बदलतो. दारातून आत आल्यावर समोर जहाजाचा पुढचा भाग आणि सोनेरी नसलेला, काळपट सिंह दिसतो. तिथे सगळे थांबतात, म्हणून तिथे न थांबता सरळ सगळ्यात खालच्या मजल्यावर जावं. तिथून जहाजाचा कणा आणि टेकू दिसतात. किती वजन किती थोड्या आधारांवर बसलं आहे ते डोळ्यांनी मोजता येतं. नव्या बोल्टांची गोल डोकी शोधावीत. नंतर बदललेलं लाकूड मुद्दाम वेगळं ओळखू येईल असं ठेवलं आहे: जुनं काळं आणि खरबरीत, नवं सपाट आणि फिकट. मग एकेक मजला वर चढत मागच्या बाजूला पोचावं, कारण खरा थाट तिथे आहे. कोरीव मूर्ती शेकड्यांनी आहेत. आज त्या तपकिरी दिसतात, पण लाकडात राहिलेल्या रंगाच्या कणांवरून त्या भडक रंगवलेल्या होत्या हे कळलं आहे. पार्श्वभूमी निळी असावी हा आधीचा अंदाजही मागे पडला, ती लाल होती. जवळच रंगवलेली एक-दशांश आकाराची प्रतिकृती आहे. तिच्याकडे आणि जहाजाकडे आलटून पालटून पाहावं. जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ एक पोलिश सरदार बाकाखाली अंग चोरून बसलेला कोरला आहे. शत्रूचा असा अपमान कोरून घेतला, आणि जहाज शत्रूपर्यंत पोचलंच नाही.

जहाजावर चढू देत नाहीत. लोकांच्या वजनाने आणि श्वासाने काय होतं ते वर आलंच आहे. वरच्या तोफमजल्याचा एक भाग मूळ मापात बांधून ठेवला आहे, तिथून चालता येतं. शिडांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. सहा शिडं घड्या घातलेली, कोठीत सापडली. ओल्या पापडासारखी, उचलायला गेलं तर हातात तुकडे. ती पाण्याखालीच उलगडली, अल्कोहोल आणि झायलीन या द्रावकांमधून सुकवली आणि काचतंतूंच्या कापडावर बसवली. चिकटवण्याचं द्रव्य असं निवडलं की त्यातून नि काचतंतूंतून प्रकाश सारखाच वळतो, त्यामुळे मागचं कापड दिसतच नाही.

सांगाड्यांच्या दालनात एक सांगाडा 'जी' या अक्षराने ओळखला जात होता. बरीच वर्षं तो पुरुषाचा मानला गेला, लोक त्याला गुस्ताव म्हणत. २०२३ साली डीएनए तपासणीवरून ती बाई असल्याचं नक्की झालं आणि नाव झालं गेरट्रूड. पहिल्या टप्प्यापर्यंत कुटुंबीयांना बरोबर यायची मुभा होती, तेव्हा बाई जहाजावर असण्यात नवल नाही. नवल आहे ते साठ वर्षं जवळ असलेल्या हाडांचं उत्तर आत्ता मिळालं याचं.

व्यवहाराचं थोडं. संग्रहालय यूरगोर्डन बेटावर आहे. शहराच्या मध्यातून ७ नंबरची ट्राम जाते, स्लुसनहून फेरीबोटही आहे. बोटीने जावं, कारण जहाज जिथे बुडालं ते पाणी वाटेत लागतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. आत उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. उजेड मंद आहे, त्यामुळे फोटो हलतात. कठड्यावर कोपर टेकून काढावेत. अडीच तास हातात ठेवावेत. सकाळी दार उघडताना किंवा दुपार टळल्यावर जावं, मधल्या वेळेत क्रूझचे लोक असतात.

उरलेल्या दिवसात राजवाड्याच्या तळघरातलं शस्त्रागार जमवता आलं तर सोन्याहून पिवळं. वासा बुडाल्यावर चार वर्षांनी, १६३२ साली, गुस्ताव अडॉल्फ ल्युत्सेनच्या लढाईत मारला गेला. त्या दिवशी अंगात असलेला जाड कातडी कोट तिथे आहे. शत्रूने तो व्हिएन्नाला नेला होता. पहिल्या महायुद्धातल्या रेडक्रॉसच्या मदतीची आठवण ठेवून ऑस्ट्रियाने तो १९२० साली परत केला. त्याचा घोडा स्ट्राइफही तिथे आहे, पेंढा भरलेला.

आणि वासाला जोडीदार जहाजं होती. त्यांतलं 'एप्लेट' १६२९ साली पाण्यात उतरलं. ते वासापेक्षा थोडं रुंद केलं होतं, म्हणजे कोणीतरी धडा घेतला होता. तीसेक वर्षं ते आरमारात राहिलं आणि १६५९ साली वाक्सहोल्मजवळ शत्रूची वाट अडवायला मुद्दाम बुडवलं गेलं. २०२१च्या डिसेंबरमध्ये पाणबुड्यांना ते सापडलं. मापं जुळली, लाकडाचे नमुने तपासले, तर झाडं १६२७ साली तोडलेली आणि वासाचे ओक जिथून आले त्याच भागातली. नमुने घेऊन झाल्यावर जहाज होतं तिथेच राहू दिलं. वासा संग्रहालयापासून चालत काही मिनिटांवर 'व्राक' नावाचं दुसरं संग्रहालय आहे. बाल्टिकच्या तळाशी असलेली अशी जहाजं तिथे मोजमापं, चित्रफिती आणि त्रिमितीय प्रतिमांमधून दाखवतात. त्यांतलं एकही वर आणलेलं नाही.